मिस्त्रींनी पाडलेले आठ खांब

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. स्वयंपाकघरातला नव्हे. तो माझा दूरचा धाकटा भाऊ म्हणा हवे तर. त्याच्या पोटात मूठभर दाणे मावतात आणि तेवढ्यासाठी तो घर डोक्यावर घेतो. मी बांधकामावरचा काँक्रीट मिक्सर. माझ्या पोटात सिमेंटची एक अख्खी गोणी, तिच्या दुप्पट वाळू आणि चौपट खडी सहज मावते. लोखंडी गोल पिंप, पिंपाच्या आत वाकडी पाती, खाली चाके आणि पाठीला डिझेलचे इंजिन, असा माझा देह आहे.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या वेल्डरला त्या दिवशी सर्दी झाली होती. माझ्या पोटाचा सांधा जोडताना त्याला नेमकी शिंक आली, म्हणून तिथे अजूनही एक टेंगूळ आहे. माझा पहिला मालक घाईचा माणूस होता. काम संपल्यावर पाणी आणि थोडी खडी टाकून मला दहा मिनिटे फिरवले की माझे पोट स्वच्छ होते. तेवढीही त्याला सवड नसे. रोज थोडे थोडे काँक्रीट आत वाळत गेले आणि दोन वर्षांत माझ्या पोटात अक्षरशः दगड झाला. मग त्याने मला आवाराच्या मागे ढकलून दिले.

तिथे एके दिवशी एक गवंडी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, घेऊन मला पाहायला आला. गिलावा करण्यात त्याचा हात धरणारे कुणी नव्हते, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पुढे त्यांनी अकरा इमारती उभ्या केल्या, पाटीवर मोठे नाव लागले, तरी लोकांच्या तोंडी ते मिस्त्रीच राहिले. त्या दिवशी त्यांनी सरळ माझ्या पिंपात डोके घातले.

"अहो, अडकाल," वहिनी म्हणाल्या.

"अगं, निम्माच भरलाय. निम्मा जिवंत आहे अजून," आतून आवाज आला.

अकरा दिवस ती दोघे छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या पोटातला दगड फोडत होती. पात्यांच्या मागे मिस्त्रींचा हात पोचेना, तेव्हा वहिनी पदर खोचून आत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा भुवयांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. मिस्त्री हसू दाबत होते आणि वहिनी त्यांना हसू देत नव्हत्या.

त्यांना माझी गरज का पडली, ते सांगतो. लग्नानंतरच्या नऊ वर्षांत त्यांनी भाड्याच्या सात खोल्या बदलल्या होत्या. सातव्या घरमालकाने भिंतीला खिळा ठोकायचा नाही अशी ताकीद दिली. दिवसभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करणाऱ्या माणसाला स्वतःच्या खोलीत शर्ट अडकवायला जागा नव्हती. त्या दिवशी मिस्त्रींच्या मनाने घेतले की आता आपण घरे बांधायची, आणि त्यातले एक आपले.

त्यांना परवडली ती एक तिकोनी जागा. कुणीच घेत नव्हते, कारण तिच्यात घर कसे बसवावे हे कुणाला उमगत नव्हते. मिस्त्रींनी नकाशा कागदावर काढण्याआधी तिथल्या जमिनीवर चुन्याच्या रेघांनी खऱ्या मापाचे घर आखले आणि वहिनींना त्यात चालायला लावले. वहिनी चुन्याच्या दारातून आत गेल्या, नसलेल्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, नसलेल्या खिडकीतून बाहेर पाहिले.

"हे दार उघडलं की कपाटाला थटणार," त्या म्हणाल्या. "आणि इथे उभं राहिलं की मूल कुठे खेळतंय ते दिसत नाही."

मिस्त्रींनी पायाने रेघ पुसली आणि दुसरी ओढली. दुपारपर्यंत असे चालले होते. त्या जागेवर सहा घरे झाली. त्यातल्या तळमजल्याच्या घरात मिस्त्री, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी राहायला गेली. त्या सहाही घरांचे काँक्रीट माझ्या पोटातून गेले आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

त्या घरांची कीर्ती पसरली. लोक येऊन खिडक्या उघडझाप करून पाहत आणि विचारत, "आमच्यासाठी बांधाल का?" मग मिस्त्रींनी पाच मजली इमारत हाती घेतली. एकट्याने जमणारे काम नव्हते, म्हणून वहिनींचा धाकटा भाऊ भागीदार म्हणून आला. मोठा उमदा आणि बोलघेवडा. माझे नाव त्यानेच पोटोबा ठेवले आणि बघता बघता सगळे मजूर मला तसेच हाक मारू लागले. मला तो फार आवडायचा. म्हणूनच पुढचे सांगताना जड जाते.

दुसऱ्या मजल्याचे आठ खांब भरायचे होते, त्याच वेळी मिस्त्रींची आई आजारी पडली. ते दोन आठवड्यांसाठी तिच्याकडे गेले. जाताना मेहुण्याला म्हणाले, "घाई करू नकोस. मी येईपर्यंत थांबलास तरी चालेल."

मेहुण्याला थांबायचे नव्हते. दाजी परत येतील तेव्हा खांबही भरलेले असतील, वरच्या स्लॅबच्या फळ्या आणि सळयाही बसलेल्या असतील, असे काहीतरी दाखवून त्याला शाबासकी हवी होती. पण त्या दिवशी माल घट्ट होता, साच्यात हळूहळू उतरत होता आणि ऊन चढत होते.

"आणखी दोन बादल्या पाणी घाला. सरसर उतरेल," तो म्हणाला.

मित्रांनो, काँक्रीटमध्ये जास्त पाणी पडले की ते दिसते छान, उतरतेही भरभर, पण वाळल्यावर त्याच्यात जीव राहत नाही. माझ्या पोटात ते पेजेसारखे डुचमळत होते. मला सगळे कळत होते. पण मला फक्त फिरता येते, बोलता येत नाही. संध्याकाळच्या आत आठही खांब भरून झाले.

मिस्त्री परत आले. त्यांनी वरचे काम पाहिले, मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीप्रमाणे एका खांबावर हातोडी टेकवून वाजवली. मग दुसऱ्यावर. खणखणीत आवाज यायच्या जागी बद्द आवाज येत होता. खांबाचा कोपरा नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी हाताला लागली.

"पाणी किती घातलं होतं?" त्यांनी विचारले. आजूबाजूला तीस मजूर उभे होते.

"थोडं जास्त. काम अडत होतं, दाजी."

"थोडं म्हणजे किती?"

भरताना बाजूला काढून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे तपासायला पाठवले, तर पेलायला हव्या त्या वजनाच्या निम्म्यालाच ते फुटले. मिस्त्रींनी सांगितले की फळ्या उतरवा, सळया काढा, आठही खांब पाडायचे.

"गिलावा चढल्यावर कुणाला काय कळणार आहे?" मेहुणा म्हणाला. "इमारत काही पडायची नाही."

"नसेलही पडत. पण जोराचा वारा सुटला की मला रोज तिकडे बघत बसावं लागेल."

"म्हणजे माझ्या हातचं काम तुम्ही सगळ्यांदेखत पाडणार."

मिस्त्रींनी घण उचलला आणि पहिला घाव स्वतः घातला. मेहुण्याने गोदामाच्या किल्ल्या माझ्या चाकावर ठेवल्या आणि तो फाटकातून निघून गेला. वहिनी डबा घेऊन समोरून येत होत्या. त्याने बहिणीकडे पाहिलेसुद्धा नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मिस्त्रींनी घरे घेणाऱ्या वीसही कुटुंबांना कामावर बोलावले आणि फुटलेल्या खांबांसमोर उभे राहून जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. चूक आमची आहे, घरे पाच महिने उशिरा मिळतील, एवढेच ते म्हणाले. बरीच कुरबूर झाली. एक गृहस्थ तावातावाने निघून गेले. मग मागे उभी असलेली एक परिचारिका पुढे आली. तिच्याबरोबर तिची म्हातारी आई आणि दोन मुले होती.

"तुम्ही हे सांगितलं नसतं तर आम्हांला कळलं असतं का?" तिने विचारले.

"नाही."

"मग का सांगितलंत? मी घरमालकाला खोली सोडायची तारीख देऊन बसले आहे. तो एक दिवसही वाढवून देणार नाही. ह्या तिघांना घेऊन कुठे जाऊ?"

मिस्त्री स्वतः सात खोल्या बदललेला माणूस. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे चला. दोन खोल्या आहेत. आम्ही तिघं इथे शेडमध्ये राहू."

मिस्त्रींनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. हे आधी ठरलेले नव्हते. मग ते म्हणाले, "हो, आमच्याकडे चला. भिंतीला खिळे आहेत, लागतील तेवढे वापरा."

त्याप्रमाणे पाच महिने मिस्त्री, वहिनी आणि मुलगी माझ्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. वहिनी तीन विटांवर स्टोव्ह मांडत. मुलगी सिमेंटच्या गोण्यांवर पाटी ठेवून गणिते सोडवी आणि अडले की सळया बांधणाऱ्याला विचारी. त्यालाही येत नसे, मग दोघे मिळून मिस्त्रींकडे जात. ती पुढे इंजिनिअर झाली. आठ खांब नव्याने भरले तेव्हा पाण्याचे माप मिस्त्रींनी स्वतः धरले. परिचारिका चौथ्या मजल्यावर राहायला गेली, आणि सगळ्यांत आधी तिने मिस्त्री कुटुंबाला चहाला बोलावले.

मेहुणा मात्र परत आला नाही. वहिनींनी दोनदा निरोप धाडला. मुलीच्या वाढदिवसाला त्याचे पत्र आले, पण त्यात दाजींचे नाव नव्हते.

त्यानंतरची वर्षे माझ्या भराची होती. तिसरी इमारत, चौथी, सहावी. मिस्त्री मोटारीतून येऊ लागले, पण उतरल्यावर आधी माझ्या पोटावर थाप मारीत आणि मग ऑफिसात जात. पुढे तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या मोठमोठ्या गाड्या आल्या. मी दिवसभर फिरून जेवढे देई, तेवढे त्या चहा पिऊन होईपर्यंत ओतून जात. मला ऑफिसमागच्या आवारात लावून ठेवले. माझे टायर बसले, चाकांवर वेल चढली. एका मांजरीने तीनदा माझ्या पोटात पिल्ले घातली. त्या दिवसांत तेवढीच काय ती जाग. खोटे कशाला बोलू, मला वाईट वाटे. भंगारवाला दोनदा येऊन मला टिचकी मारून गेला.

मिस्त्री थकले, तेव्हा कारभार त्यांच्या मुलीने हाती घेतला. मग ते दुपारी माझ्या शेजारी घमेले पालथे घालून बसत. एकदा वहिनीही आल्या होत्या.

"खांब पाडायलाच हवे होते," मिस्त्री म्हणाले. "पण त्याला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. तीस माणसांसमोर नको होतं."

"मग हे त्याला जाऊन सांगा की."

"जाऊ एकदा," ते म्हणाले.

ते जाणे राहून गेले. त्या वर्षीच त्यांच्या हृदयाने दगा दिला. तळमजल्याच्या त्याच घरात, वहिनी उशाशी असताना, ते शांतपणे गेले. अकरा इमारतींतली माणसे आली होती. रस्त्यावर उभे राहायला जागा नव्हती, असे मी ऐकले.

महिन्याभराने आवाराचे फाटक वाजले. मुलगी, वहिनी आणि पांढऱ्या केसांचा एक वाकलेला माणूस असे तिघे आत आले. मी त्याला चालीवरून ओळखले. मुलगी त्याला मामा म्हणत होती.

"मी दुसऱ्यांच्या कामांवर मुकादम झालो," मामा हळू आवाजात म्हणाला. "तीस वर्षं पाणी मोजून घातलं. एक बादली इकडची तिकडे होऊ दिली नाही. माझा राग मजुरांना यायचा. हे दाजींना एकदा सांगायचं होतं. उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिलो."

वहिनींनी त्याच्या दंडाला धरले. "अरे, त्यांना माहीत होतं. तुझ्या कामावरून जायची वेळ आली की गाडी हळू करायला लावायचे. खांब बघायचे आणि म्हणायचे, बघ, काय उभा केलाय."

मामा माझ्या कडेला टेकला. त्याचे खांदे हलत होते. वहिनी त्याला धरून उभ्या राहिल्या.

मिस्त्रींनी जाण्याआधी एक गोष्ट लिहून ठेवली होती. ह्या आवारात बारावी इमारत सहज झाली असती, पण इथे इमारत बांधायची नाही, गवंडीकाम शिकवायची शाळा काढायची, असे त्यांचे म्हणणे होते. मुलीला शिकवणारा हवा होता. तिने मामाला विचारले. मामाने डोळे पुसले आणि विचारले, "पोटोबा चालतो का अजून?"

माझे इंजिन उघडले, नवे पट्टे घातले, टायर बदलले. मांजरीची समजूत घालायला मात्र दोन दिवस लागले. आता रोज सकाळी पंधरा-वीस मुली-मुलगे इथे शिकायला येतात. मामा खुर्चीत बसून त्यांना भिंती बांधायला लावतो आणि वाकड्या झाल्या की पाडायलाही लावतो. कुणाची चूक झाली तर त्याला हाताशी धरून आवाराच्या टोकाला नेतो आणि तिथे काय ते बोलतो. बाकीच्यांना ऐकू येत नाही.

मित्रांनो, ह्या म्हाताऱ्या यंत्राची तुमच्याकडे एकच विनंती आहे. तुमच्या घराचे दार न अडकता उघडत असेल, छत गळत नसेल, तर ते कुणीतरी मन लावून केलेले असते. तो माणूस सापडला तर त्याला तसे सांगा. तुमच्याच घरात ज्याचे काम तुम्ही मनातल्या मनात वाखाणता, त्यालाही सांगा, आणि जमले तर आजच सांगा.

काल एका मुलीने पहिली भिंत बांधली. मामाने हातोडी वाजवून पाहिली, पुन्हा एकदा वाजवली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "छान झालीये. ही ठेवायची."