तिसरा हात

नट वाटीत पडला आणि टण्ण झालं.

ती होती तशी थांबली. पान्हा हवेत. वाटी लेकीची होती, काठाला चेमटलेली. सुटे नट ठेवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. आतल्या खोलीचा तिने कानोसा घेतला. पंखा तेवढा फिरत होता. झोप मोडली नव्हती. म्हणजे अजून तासभर तरी आपला.

मागच्या व्हरांड्यात वडिलांची मोटरसायकल चार महिने स्टँडवर उभी होती. वडील मोटरसायकली दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. ते गेल्यावर तीन वर्षं गाडी भावाच्या जिन्याखाली गंजत पडली, आणि भंगारवाला दारात आला तेव्हा हिने हट्टाने उचलून आणली. तेव्हापासून लेकीच्या दुपारच्या झोपेत एकेक भाग सुटत होता, घासला जात होता, परत बसत होता. नवरा म्हणायचा, या घरात काही हरवलं तर आधी इंजिनात बघावं.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा सुरू झाली. व्हॉल्व्ह हिनेच जुळवले होते, आणि असे, की इंजिनात टिक म्हणून वाजलं नाही. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. अगदी लोण्यासारखं चालतंय, म्हणाला. दहाव्या मिनिटाला इंजिन तापलं, त्याने दम टाकला आणि बंद पडलं. किक मारून मारून हिची पोटरी भरून आली.

चूक तिला तिथेच कळली होती. मिस्त्रीच्या मुलीने करू नये अशी. व्हॉल्व्हला उचलणाऱ्या दांडीला जराशी मोकळीक लागते. इंजिन तापलं की धातू वाढतो. मोकळीक नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि आतल्या आत जळत राहतो. मोकळीक असली की दांडीच्या टोकाचं टॅपेट टिकटिकतं. गिऱ्हाईक नेमकं त्याच आवाजाला घाबरायचं. वडील हात पुसत म्हणायचे, "वाजतंय ना? मग ठीक आहे. गप्प बसलं की माझ्याकडे आणा."

हे तिने लहानपणी शंभरदा ऐकलं होतं, दुकानात त्यांच्या शेजारी उकिडवं बसून. टॅपेट जुळवताना एक पान्हा खाली धरायचा, दुसरा मध्ये, तिसऱ्याने नट आवळायचा. आणि माणसाला हात दोनच. तिसरा हात तिचा. वडील तिला नावाने हाक मारतच नसत. तिसरा हात कुठे उंडारतोय, असं विचारायचे, आणि ती असेल तिथून धावत यायची.

लग्नानंतर रोज दुपारी चारला त्यांचा फोन येई. तिसरा हात आहे का घरात? मग काहीबाही. कुणाच्या तरी स्कूटरच्या डिकीत उंदराने संसार थाटलाय, शेजारचा सायकलवाला बुद्धिबळात रडी खेळतो, माझाही गुडघा हल्ली तेल मागतो. लेक तेव्हा दोन महिन्यांची होती. रडून रडून कसाबसा तिचा डोळा लागायचा, आणि चारला फोन वाजायचा. एक दिवस ती म्हणाली,

"बाबा, काही काम असेल तरच करत जा ना फोन."

"बरं," ते म्हणाले. "झोपू दे तिला."

त्यानंतर चारला फोन वाजला नाही. तिला सुटल्यासारखं झालं होतं. हे आठवलं की आजही तिला हातातलं काम खाली ठेवावं लागे. बाबा समजूतदार आहेत. काही असतं तर बोलले असते, असं ती धरून चालली. तिने कधी स्वतःहून फोन केलाच, तर मजेत आहे, एवढंच ते सांगायचे. साडेतीन महिन्यांनी फोन आला तो भावाचा.

दुकान आवरायला ती गेली, तेव्हा सायकलवाला शटरला टेकून उभा होता. जिना चढताना मिस्त्री तीनदा बसायचा, म्हणाला. छातीत भरून यायचं. डॉक्टरकडे चल म्हटलं की हसण्यावारी न्यायचा.

"पण तुला बोललाच असेल. तुला सगळं सांगायचा तो."

"हो," ती म्हणाली होती.

तिने मागचं चाक हळूहळू फिरवून पिस्टन वर आणला. टॅपेटचं झाकण उघडंच होतं. दांडी बोटांत गोल फिरली पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये; मोकळीक तेवढीच. वडील मापाची पट्टी न लावता एवढ्यावरच जुळवायचे. तिचंही जुळत होतं. पण नट आवळताना मधला पान्हा सरकायचा आणि दांडी पुन्हा आवळली जायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा पान्हा निसटून फरशीवर आदळला.

"आई."

लेक दारात उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली. हिने झोप, अजून झोप, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग जराशी सरकून शेजारी जागा केली.

"इकडे ये. हा धर. हलू द्यायचा नाही."

लेकीने दोन्ही हातांनी पान्हा धरला. जिभेचं टोक बाहेर. हिने नट आवळला.

"आता ही दांडी फिरव बघू. चिमटीत धरून."

"फिरतेय."

"आणि वर-खाली?"

"अंहं."

दुसरी दांडीही तशीच बसली. झाकण लागलं, प्लग लागला. चौथ्या किकला इंजिन सुरू झालं, खोकलं, आणि मग एका लयीत चालू लागलं. त्या धडधडीच्या मागून बारीक, सुटं सुटं ऐकू येत होतं. टिक टिक टिक.

लेकीने कानांवरचे हात काढले.

"आई, आत काहीतरी वाजतंय. मोडलं?"

"नाही गं. वाजतंय म्हणजे बरं आहे. आजोबा म्हणायचे, गप्प बसलं की काळजी करायची."

लेकीला हे पटलेलं दिसलं. गुडघ्यांवर हात टेकून ती इंजिनाकडे वाकली आणि बराच वेळ ऐकत राहिली. मग तिने मान वर केली.

"पण गप्प बसलं, तर ते आपल्याला सांगणार कसं?"