दाबा, दाबा, दाबत राहा

ज्यानं हा व्हिडिओ गेम बनवला तो एकदा माझ्या खुर्चीत बसायला हवा होता. त्याची अर्धीच दाढी करून मी म्हटलं असतं, "उरलेली हवी असेल तर हे बटण भराभर दाबा."

कारण त्याच्या गेममध्ये साधं दारसुद्धा सरळ उघडत नाही. दारापाशी गेलं की पडद्यावर बटणाचं चित्र येतं आणि ते अंगठ्यानं दाबत सुटायचं. जरा मंदावलात की दार पुन्हा बंद. पेटी उघडायची, दाबा. विहिरीतून बादली ओढायची, दाबा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! वर अक्षरं मुंगीएवढी. मधेच एक म्हातारा भेटतो, त्याची बडबड टाळता येत नाही. त्याच्या मागून रखडत चालायचं आणि सगळं ऐकून घ्यायचं. मी न्हावी आहे, बडबडीचं मला वावडं नाही. पण माझ्या गिऱ्हाइकाला निदान उठून जाता येतं.

आणि हे सगळं माझ्या उजव्या अंगठ्यानं. त्याच्यावर दुकानाचं शटर पडलं होतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, पण अंगठा लाकडासारखा ताठ. कात्री चालवताना बाकीची बोटं जागेवर असतात, हलतो तो फक्त अंगठा. तो गेला म्हणजे माझं दुकान गेलं. डॉक्टरांनी रबराचा चेंडू दिला होता, दिवसभर दाबायला. दोन दिवस दाबला, कळ मस्तकात गेली, तेव्हा चेंडू कपाटात भिरकावला. दुकानाला कुलूप आणि मी खिडकीत. कोणी "कसं वाटतंय?" विचारलं तरी अंगावर धावून जायचो.

माझी सून दाताच्या दवाखान्यात मदतनीस आहे. रडणारी, ओरडणारी, चावणारी माणसं रोज तिच्या हाताखालून जातात. तिनं मला एकदाही समजावलं नाही. माझा मुलगा नोकरीसाठी परगावी असतो. त्याचा गेम तिनं एका संध्याकाळी टीव्हीला जोडला आणि कंट्रोलर माझ्यापुढे धरला.

"बाबा, हे दार उघडत नाहीये. बघता का जरा?"

"तुझ्या दोन धड हातांनी उघडत नाही, ते माझ्यानं उघडणार?"

"नाही उघडलं तर राहू दे."

राहू कसं देणार? त्या दिवशी उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी शिव्या घालत दाबत होतो, ती शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती. चार-पाच दिवसांनी उघडलं तेव्हा असा ओरडलो की शेजारीण धावत आली. आत काय होतं? दुसरं दार. मी पुन्हा शिव्या सुरू केल्या.

मग तो रोजचाच उद्योग झाला. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा मी त्या बडबड्या म्हाताऱ्याच्या मागे चाललो होतो.

"बाबा, तुमचा माणूस सारख्या उड्या का मारतोय?"

पाहतो तर खरंच. म्हातारा लढाईत गेलेल्या भावाची कहाणी सांगतोय आणि आमचा वीर मागे टुणटुण उडतोय! मी अंगठ्याकडे पाहिलं. तो आपला आपणच त्या बटणावर चालला होता, आणि समोर दार नसलं की तेच बटण उडीचं. न्हाव्याची कात्री केसांत नसली तरी हवेत कचकच चालूच असते, ताल सुटू नये म्हणून. जित्याची खोड. म्हातारा बोलायला लागला आणि अंगठ्याला वाटलं, खुर्चीत गिऱ्हाईक आलं.

तेवढ्यात दार आलं. मी दणादण दाबायला लागलो.

"एवढं कशाला बडवताय?" मुलगा म्हणाला. "हे सेटिंगमध्ये बंद करता येतं. मग एकदा दाबलं की उघडतं. गेम आणला तेव्हा हिनंच मला दाखवलं होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सुनेकडे वळलो.

"तुला माहीत होतं?"

"हो." तिनं हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. "चेंडूला शिव्या देता येत नाहीत, बाबा. तुम्हाला भांडायला कोणीतरी हवं होतं."

मुलाला म्हटलं, "ते सेटिंग आहे तसंच राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघांनी दुकान उघडलं. आरसा पुसला, कात्रीला तेल दिलं. मुलाचे केस कानांवर आले होते, पण मी कात्री उचलताच तो दोन पावलं मागे सरला. सून मात्र खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं वेणी सोडली. तिचे केस कमरेपर्यंत, जिवापाड जपलेले.

"टोकं सारखी करा."

"वाकडं गेलं तर?"

"तर परत कापा. वाढतील."

फडकं बांधलं, फणी फिरवली, कात्री लावली. चालली. मधे अंगठा दमला तेव्हा थांबलो, मग पुन्हा चालली. आरशात ती माझ्या हाताकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती. तशा नजरेसमोर मला बोलता येईना.

"मान खाली," मी म्हटलं. तिनं मान खाली घातली.

"पोरी," मी तिच्या केसांना म्हणालो, "तू होतीस म्हणून ही कात्री माझ्या हातात आहे. तुझे उपकार मी विसरणार नाही."

तिनं खालूनच विचारलं, "मान वर करू?"

"थांब," मी म्हटलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं आधी माझे डोळे पुसले.