जमेल ना?

सृष्टीनं शेडचा मेन स्विच खाली ओढला, मशिनींची घरघर थांबली आणि तीसही बायांनी एकदम माना वर केल्या.

"बाराशे शर्ट. सतरा दिवसांत. जमेल ना?"

"हाव!" शेडभर एकच सूर उठला.

एरवी हा सूर ऐकून ती हरखून गेली असती. पण दिवाळीच्या आधीही असाच दणदणीत 'हाव' आला होता आणि ठरल्या दिवशी बाराशेतले चारशे शर्ट गठ्ठ्यात नव्हते. नांदेडचे व्यापारी राजशेखर तेव्हा रागावले नाहीत, फक्त सहा महिने त्यांचा फोन आला नाही. आज सकाळी तो आला होता. शाळेच्या गणवेशाचं काम होतं, किती शर्ट होतील तो आकडा ते अकरा वाजता पुन्हा फोन करून विचारणार होते. हे काम हातचं गेलं, तर उदगीरच्या या शेडमधल्या निम्म्या मशिनी झाकून ठेवाव्या लागणार होत्या, आणि निम्म्या बाया घरी.

घड्याळात पावणेअकरा झाले होते. माणसं समजून घेण्याचं दोन दिवसांचं शिबिर ती नुकतंच पुण्यात करून आली होती. तिथलं एक वाक्य तिनं बाहेर काढलं.

"मला तुमच्या भावना समजतायत."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"ताई, बरं वाटंना का?" कॉलर लावणाऱ्या शरणम्मानं काळजीनं विचारलं.

असा हशा पिकला की सृष्टीलाही हसू आवरेना. कोपऱ्यातली गौसिया तेवढी हसत नव्हती. तापलेल्या लेकराचं कपाळ बघावं तशी ती काजाच्या मशिनीला हात लावून बघत होती. सृष्टी गेली आणि तिच्या शेजारी कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली.

"आपा, दिवाळीला मी तुमच्या स्टुलावर असते, तर कुठं अडकले असते?"

गौसियानं आधी शेजारणीकडे पाहिलं, मग मशिनीकडे.

"काजात," ती म्हणाली. "शर्टाला सात काज. मशीन येकच हाय. तापली की धागा तोडते. दिवसाला पन्नास शर्ट, त्याच्यावर येक बी न्हाई."

"मग तेव्हा हाव का म्हणालात?"

"तुम्ही 'जमेल ना' म्हणलात. मालकिणीला त्याच्यावर दुसरं काय म्हणावं?"

सृष्टीनं कपाळावर हात मारला. तीन वर्षं ती प्रश्नाच्या शेपटीला उत्तर बांधूनच विचारत आली होती. सतरा पन्नास साडेआठशे! कमी आकडा मिळाल्याचा एवढा आनंद उदगिरात आजवर कुणाला झाला नसेल. तिला उठून नाचावंसं वाटलं, पण तेवढ्यात फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"साडेआठशे," ती म्हणाली.

"मागं बाराशे म्हणाला होतात, आले आठशे," राजशेखर शांतपणे म्हणाले. "आता साडेआठशेचे किती येणार?"

सृष्टीनं गौसियाकडे पाहिलं.

"साडेआठशेच येणार, साहेब." गौसिया फोनकडे वाकली होती. "काज मी करते. ह्या खेपेला मला इचारून आकडा सांगितलाय."

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"बरं, लिहून घेतो," राजशेखर म्हणाले. "आणि या बाईंचा नंबर पाठवा मला. पुढच्या वेळी आधी त्यांनाच विचारीन."

फोन बंद झाला आणि शेडमध्ये एकच कल्ला उठला. शरणम्मानं तर आनंदानं कात्रीच टेबलावर वाजवायला घेतली. हसत हसत सृष्टी मोबाइलमध्ये नंबर शोधू लागली. 'ग'च्या रांगेत गणेश इलेक्ट्रिकल होते, गाडीवाले होते, गॅसवाले होते. गौसिया नव्हती.

तिनं पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिचे कान गरम झाले.

"आपा," ती हळूच म्हणाली, "नंबर सांगा तुमचा. मीही लिहून घेते."