कोपऱ्यावरून दार दिसत नाही

रविवार, ४ जून २०००. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी चंद्रभागाबाई पगारे प्रभुभोजनासाठी बाकावरून उठल्या नाहीत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. डावीकडे बायका बसतात, उजवीकडे पुरुष. एकेक बाक रिकामा होतो, माणसं वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात, पाळकसाहेब आधी भाकर आणि मग प्याला देतात, माणसं जागेवर परत येतात. जो उठत नाही तो सगळ्यांना दिसतो. चंद्रभागाबाई पुढून दुसऱ्या बाकावर, वाटेच्या कडेला बसत. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या आणि ती जागा त्यांचीच समजली जाई. बाकावरच्या बाकी चौघींना त्यांच्या गुडघ्यांपुढून वाट काढत जावं लागलं.

कठड्याच्या टोकाशी त्यांचे पती वाल्मीक पगारे नोंदवही घेऊन उभे होते. ते चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचे चिटणीस. अंबडच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, हे लिहिण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं आणि चर्चमध्येही तेच सुरू ठेवलं. भोजनाला आलेल्याच्या नावापुढे बरोबरची खूण, न आलेल्याच्या नावापुढे आडवी रेघ. सलग तीन रेघा झाल्या की नाव कमिटीपुढे जाई. त्या दिवशी बायकोच्या नावापुढे त्यांनी काहीच लिहिलं नाही.

घरी जेवताना त्यांनी विचारलं, "बरं नव्हतं का?"

"बरी होते."

"मग?"

"भागुबाईंबद्दल मी जे सांगितलं होतं ते खोटं होतं. ते मनात असताना उठवेना."

"दोन वर्षं उठत होतीस की."

"दोन वर्षं मला ते खरं वाटत होतं."

वाल्मीकरावांनी ताक मागितलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. ५ एप्रिल १९९८ला झावळ्यांचा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, रविवार होता आणि त्याच दिवशी रामनवमीही होती. सकाळी चर्चमध्ये मंडळी हातात झावळ्या घेऊन फिरली. त्यांत भागुबाई खरात नव्हत्या. भागुबाई विधवा. चांदवडकडच्या खेड्यातल्या, तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती. पंचवटीत त्या हार ओवून विकत. मखमलाबाद बाजूचे शेतकरी पहाटे झेंडू आणत, तो घ्यायचा, दुपारपर्यंत ओवायचा, संध्याकाळपर्यंत विकायचा. रामनवमीला येता येणार नाही, हे त्यांनी पाळकसाहेबांना आठवडाभर आधी सांगितलं होतं.

त्या दुपारी चंद्रभागाबाई नणंदेकडून परतत होत्या. पंचवटीतल्या एका कोपऱ्यावर रिक्षा गर्दीत अडकली. तिथून त्यांना भागुबाई दिसल्या. पायात चपला नव्हत्या, दोन्ही हातांवर झेंडूचा मोठा हार होता, आणि त्या एका लहान देवळाच्या बोळात शिरत होत्या. रिक्षा पुढे गेली. पाहिलं ते एवढंच.

महिला मंडळाच्या सभेत चंद्रभागाबाईंनी ते बोलून दाखवलं. कलाबाई लोखंडे तिथं होत्या. त्या पंचकमिटीवरही होत्या.

"मूर्तीला हार घालताना पाहिलंत?" कलाबाईंनी विचारलं.

"देवळाच्या दारात पाहिलं," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"म्हणजे घातलाच की."

"घातलाच."

चौथ्या दिवशी कमिटीची सभा झाली. वाल्मीकरावांनी बायकोला वेगळं काही विचारलं नाही. इतिवृत्तात त्यांनी लिहिलं : "चिटणीसांच्या पत्नींनी समक्ष पाहिले." भागुबाईंना बोलावलं गेलं.

"हार माझा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता," भागुबाई म्हणाल्या. "म्हातारीला चालवत नव्हतं. मी दारापर्यंत नेला आन् तिच्या सुनेच्या हातात दिला."

"अनवाणी का होतात?" कलाबाईंनी विचारलं.

"देवाचा हार चपला घालून नेला तर पुन्हा माझ्याकडून घेईल का कोणी?"

"देवाचा म्हणालात. लिहून घ्या, चिटणीस."

"त्यांच्या देवाचा, बाई. माझ्या देवाला हार लागत नाय, म्हणून तर इकायला उरत्यात."

कमिटीतले दोघं हसले. ठराव मात्र झाला : भागुबाईंनी लेखी माफी मागेपर्यंत त्यांना प्रभुभोजनापासून दूर ठेवावे. पुढच्या रविवारी, ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सणाच्या उपासनेत, वाल्मीकरावांनी तो सूचनांमध्ये वाचून दाखवला. भागुबाईंनी माफी लिहून दिली नाही. "जे केलंच नाय त्याची माफी मागितली तर तेच खोटं होईल," एवढं त्यांनी पाळकसाहेबांना सांगितलं. चर्च मात्र सोडलं नाही. दर रविवारी त्या बायकांच्या बाजूच्या शेवटच्या बाकावर बसत. पहिल्या रविवारी सगळे उठून गेले की त्या बसून राहत. दोन वर्षांत मंडळींना त्याची सवय झाली.

मे २०००मध्ये चंद्रभागाबाई लग्नाच्या खरेदीसाठी पंचवटीत गेल्या. त्याच कोपऱ्यावर रिक्षा थांबली. त्यांनी सहज देवळाकडे पाहिलं. देवळाचं दार तिथून दिसत नव्हतं. मध्ये नारळवाल्याचं पत्र्याचं दुकान होतं आणि बोळ त्याच्यामागे वळत होता. त्या रिक्षातून उतरल्या, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून पाहिलं. मग नारळवाल्याला विचारलं, "भाऊ, हे दुकान कधीपासून आहे?"

"बारा वर्षं झाली. का हो, मावशी?"

"काही नाही. एक नारळ द्या."

घरी नारळ कशासाठी आणला, हे वाल्मीकरावांना कळलं नव्हतं. जूनच्या त्या रविवारनंतर कळलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. चूक झाली असेल तर पाळकसाहेबांना खासगीत सांगावं, ते प्रार्थना करतील, विषय संपेल.

"आणि भागुबाईंचं?"

"त्यांनी एक ओळ लिहून दिली असती तर केव्हाच संपलं असतं."

"कशाची ओळ, अहो?"

वाल्मीकराव चष्मा पुसत राहिले. "इतिवृत्त मंजूर झालंय. मंजूर इतिवृत्तात खाडाखोड करत नाहीत."

"खाडाखोड नकोच. पुढचं पान कोरं आहे ना?"

"लोक काय म्हणतील? चिटणीसाच्या घरातच खोटी साक्ष."

"तसंच झालंय ना."

जूनच्या शेवटी चंद्रभागाबाई एकट्या पंचवटीत गेल्या. भागुबाई ओट्यावर बसून ओवत होत्या. पुढ्यात झेंडूचा ढीग होता.

"सलाम, भागुबाई." मंडळीत भेटल्यावर असंच म्हणतात.

"सलाम, ताई. त्या गोणपाटावर बसा. इकडं वलं हाय."

चंद्रभागाबाईंनी कोपरा, दुकान, बोळ, सगळं सांगितलं. भागुबाईंची सुई थांबली नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी रिक्षात होता. मी पायलं तुमाला. हात भरलेले होते म्हणून नुसती मान हलवली. तुमी दुसरीकडं बघितलं."

"मग कमिटीत का नाही सांगितलंत?"

"कोणाला सांगू? वहीत तुमी दारात होता. वही तुमच्या मालकांची."

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मला माफ करा."

"ते कवाच केलं." भागुबाईंनी दोरा दातांनी तोडला. "करावंच लागतं, ताई. रोज प्रभूची प्रार्थना म्हणते, त्यात मधीच ती ओळ येती, आमी आमच्या ऋण्यांस सोडलं म्हणायची. ती गाळून पुढं जाता येत नाय. पयले दोन महिने तिथंच अडकत होते. पुढचं येतच नव्हतं तोंडात."

"मग येत्या रविवारी आपण दोघी बरोबर जाऊ पुढे."

"तुमी जा. तुमचं तुमी सांगून मोकळ्या झाल्या. मला त्यांनी साऱ्या मंडळीपुढं पंगतीतनं उठवलंय. ते अजून तसंच हाय." मग गिऱ्हाईक आलं आणि त्या उठल्या. जाताना म्हणाल्या, "चहा घ्या. पोऱ्या नाय आज, टपरीवर जाऊन घ्यावा लागंल."

२ जुलैला चंद्रभागाबाई शेवटच्या बाकावर बसल्या. प्रभुभोजनाच्या वेळी दोघीही उठल्या नाहीत. वाल्मीकरावांनी त्या दिवशी बायकोच्या नावापुढे रेघ मारली.

उपासनेनंतर आवारात कलाबाईंनी गाठलं. "काय हो अध्यक्षबाई, मागचा बाक फार मऊ आहे का?"

"नाही हो, टणकच आहे. पण तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात. तुमच्या पदराला चुना लागलाय बघा."

कलाबाईंनी पदर पुढे घेऊन पाहिला. चुना खरंच लागला होता.

ऑगस्टमध्ये पाळकसाहेब घरी आले. तीन वर्षांपासून ते या चर्चमध्ये होते आणि कमिटीशी त्यांना सांभाळून राहावं लागे. "बाई, तुम्ही पश्चात्ताप केलात," ते म्हणाले. "देवानं क्षमा केली आहे. तुम्ही स्वतःला का दूर ठेवता?"

"देवानं केली असेल, पाळकसाहेब. पण वहीत मी अजून साक्षीदार आहे. माझ्या साक्षीवर एक बाई उपाशी बसते आणि मी तिच्यासमोरून जाऊन जेवून यायचं?"

वाल्मीकराव तिथंच बसले होते. ते म्हणाले, "पाळकसाहेब, एकतीस वर्षांत मी एकही प्रभुभोजन चुकवलेलं नाही. हिनंही नाही. आणि आता हे."

"चुकवलं नाही हे खरं," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुम्हीच मोजलंय."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि ते गेले.

६ ऑगस्टला दुसरी रेघ पडली, ३ सप्टेंबरला तिसरी. चिटणीसांच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे चिटणीसांच्या पत्नीचं नाव कमिटीपुढे आलं. त्याच आठवड्यात चंद्रभागाबाईंनी एक पानी पत्र लिहिलं. कमिटीला पत्र द्यायचं तर ते चिटणीसांकडेच द्यावं लागतं. त्यांनी ते सकाळच्या चहाबरोबर नवऱ्यापुढे ठेवलं. वाल्मीकरावांनी ते उभ्या-उभ्या वाचलं, आवक क्रमांक टाकला, तारीख घातली आणि फाइलला लावलं.

शनिवारी, १६ सप्टेंबरला, सायंकाळी सहा वाजता सभा झाली. हा विषय तिसरा होता. वाल्मीकरावांनी पत्र पूर्ण वाचलं. "मी फक्त कोपऱ्यावरून पाहिले. दारात पाहिले असे मी म्हणाले, ते खोटे होते. माझ्या पतींनी मला वेगळे विचारले नाही आणि मीही सांगितले नाही." या ओळीवर ते थांबले नाहीत, आवाजही बदलला नाही, असं हजर असलेल्यांनी नंतर सांगितलं. कलाबाई म्हणाल्या की गोष्ट जुनी झाली, आता कशाला उकरायची. पाळकसाहेब म्हणाले की भागुबाईंसाठी ती दर महिन्याला नवी होते. भागुबाईंवरची बंदी उठवण्याचा ठराव झाला. विरोधात कोणी नव्हतं.

सोमवारी पाळकसाहेब आणि वाल्मीकराव ठराव सांगायला पंचवटीत गेले. भागुबाईंनी दोघांना ओट्यावर बसवलं.

"म्हणजे मी आता पुढं यायचं?"

"हो. पहिल्या रविवारपासून," वाल्मीकराव म्हणाले.

"माझ्याकडून काय लिहून पायजे का?"

"नको. काही नको."

"बरं." भागुबाईंनी फुलांवर पाणी शिंपडलं. "चिटणीससाहेब, माझं नाव काढलं ते तुमी कुठं वाचलं होतं?"

"चर्चमध्ये. सूचनांत."

"सणाचा दिवस होता. माझी भाची आली होती चांदवडहून. तिच्यापुढं वाचलं. मग हेपण तिथंच वाचा. का वाचलं होतं आन् आता का वाचताय, दोन्ही. मग मी येते."

"ठराव झालाय, भागुबाई. वहीत लिहिलंय."

"वही कोण वाचतं, साहेब? तुमीच."

पाळकसाहेबांनी वाल्मीकरावांकडे पाहिलं. सूचना वाचणं हे चिटणीसाचं काम होतं, आणि कारण वाचायचं तर त्यात त्यांची बायकोही येत होती, ते स्वतःही. वाल्मीकराव म्हणाले, "बघतो."

१ ऑक्टोबरला सूचनांमध्ये हा ठराव नव्हता. त्या दिवशीही शेवटच्या बाकावरच्या दोघी उठल्या नाहीत. घरी चंद्रभागाबाईंनी विषय काढला नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. दोन्हींच्या आधीच्या आठवड्यांत भागुबाईंना मान वर करायला फुरसत नव्हती. चंद्रभागाबाई आठवड्यातून दोन दुपारी तिथं जाऊन हार ओवू लागल्या. सुई धरायला त्यांना जरा वेळ लागला.

पुढचं प्रभुभोजन ५ नोव्हेंबरला आहे. त्या रविवारच्या सूचना वाल्मीकरावांनी शुक्रवारी संध्याकाळी लिहून काढल्या. नेहमी त्यांना दहा मिनिटं लागतात, या वेळी तासाच्या वर गेला. मग कागद घडी घालून टेबलावर ठेवला आणि ते फिरायला गेले. चंद्रभागाबाईंनी टेबल पुसताना तो उचलला, खालची जागा पुसली आणि उलगडून न पाहता परत ठेवला.

शनिवारी दुपारपर्यंत कागद तिथंच होता; त्यात भागुबाईंचा ठराव आहे की नाही, ते रविवारी वाचल्यावरच कळेल.