चार बोटं जागा

धाकटीला पाण्याखाली जायचं होतं, आणि त्यामागे कुठलंही उदात्त कारण नव्हतं. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठून तलाव झाला होता आणि त्याच्या तळाशी पाणबुड्यांच्या क्लबाने हौसेने एक मोडीत निघालेली बस नेऊन ठेवली होती. धाकटी इस्पितळात एक्स-रे काढायची. सव्वीस वर्षं ती बसने उभी जात होती आणि उभीच परत येत होती. जिच्यात खिडकीची जागा हमखास मिळते अशी एक बस जगात आहे, हे कळल्यावर ती गप्प बसणं शक्यच नव्हतं.

खाणीतलं पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. त्यामुळे ड्रायसूट सक्तीचा. म्हणजे बुटांपासून मानेपर्यंत सलग असा पोशाख, ज्यात पाण्याचा थेंब शिरत नाही. आत गरम कपडे घालायचे, आणि पाणी अंगाला दाबायला लागलं की छातीवरचं बटण दाबून सूटमध्ये थोडी हवा सोडायची. शनिवारी तरणतलावात परीक्षा, तीही स्वतःच्या सूटमध्ये. पास होईल त्याला रविवारी बस. नापास होईल त्याने पुढच्या वर्षीची वाट बघायची, कारण रविवारनंतर खाण बंद.

इथवर सगळं सरळ होतं. घोटाळा झाला तो सूट घ्यायला थोरली बहीण सोबत आल्यामुळे.

थोरली येणारच होती. धाकटीच्या अंगावर चढणारी कुठलीही वस्तू थोरलीच्या नजरेखालून जायची, हा घरचा शिरस्ता. थोरलीने तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते. माप घ्यायची तिची पद्धत ठरलेली. टेप गुंडाळायची, टेपच्या आत आपली चार बोटं सरकवायची, मग आकडा वाचायचा आणि म्हणायचं, "वाढतं अंग आहे." या पद्धतीमुळे धाकटीचा पाचवीतला गणवेश नववीपर्यंत टिकला. नोकरी लागली तेव्हाचा कोट आजही दोन बायकांना एकदम घालता येतो. धाकटी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

दुकानवालीने स्वतः कित्येक वर्षं पाण्याखाली बुड्या मारल्या होत्या आणि ती शब्द जपून वापरायची. तिने धाकटीला आतले गरम कपडे घालायला लावले, वरून बायकांच्या मधल्या मापाचा सूट चढवला, मनगटांच्या रबरी पट्ट्यांना पावडर लावून हात बाहेर काढले आणि मान कशीबशी गळपट्टीतून वर ओढली. धाकटीचा चेहरा त्यातून नवजात बाळासारखा बाहेर आला.

"उकिडवं बसा," दुकानवाली म्हणाली. धाकटी बसली.

"हात वर. आता स्वतःला मिठी मारा. आता ही डाव्या दंडावरची झडप हाताला लागतेय का बघा, यातून हवा बाहेर जाते."

सगळं जमलं. धाकटीने आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आकार तिच्याच आकाराचा दिसत होता.

"छे!" थोरली म्हणाली. "कुठे चिमटीत धरायला कापडसुद्धा येत नाही. आणि गळ्याशी हे काय, फास?"

"मानेशी घट्टच लागतं," दुकानवाली म्हणाली. "चक्कर येत असेल तर सांगा. नाहीतर ठीक आहे."

"तिला चक्कर आली तरी ती सांगणार नाही. लहानपणापासून तसलीच आहे." थोरलीने पर्समधून टेप काढली, धाकटीच्या कमरेला गुंडाळली, बोटं आत सरकवली. "हिला तो वरचा द्या. पुरुषांचा मोठा."

"सैल सूटमध्ये हवा पायांकडे पळते."

"पळू दे की. बिचारीला पळायला जागा तर हवी."

दुकानवालीने धाकटीकडे पाहिलं. इथे धाकटीने तोंड उघडायला हवं होतं. पण कपड्यांच्या बाबतीत थोरलीला नाही म्हणायची सवयच तिच्या तोंडाला नव्हती. ती एवढंच म्हणाली, "मोठा बरा दिसतो तसा."

"सैल करायला म्हणून मानेचं रबर कापू नका," दुकानवालीने बिल देताना सांगितलं. "न कापता आणलात तर बदलून देईन. आणालच."

शनिवारी तरणतलावाच्या कडेला थोरली पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. सूटमध्ये उभी असलेली धाकटी अर्धवट लावलेल्या तंबूसारखी दिसत होती. शिकवणारे सर म्हणाले, "आधी जादा हवा काढा. खाली बसा आणि गळपट्टी दोन बोटांनी उघडा."

धाकटी खाली बसली. गळपट्टीतून जो आवाज आला, तो बराच वेळ येत राहिला. परीक्षेला आलेले बाकीचे चौघे छताकडे बघू लागले.

"अगं, चारचौघांत!" थोरली बाकावरून म्हणाली.

मग धाकटी पाण्यात उतरली. खाली गेल्यावर सरांच्या खुणेसरशी तिने बटण दाबलं. आत आलेल्या हवेने इकडेतिकडे पाहिलं, आणि भरपूर मोकळी जागा बघून ती पायांकडे निघाली. पाय वर गेले. पायांमागोमाग कंबर गेली. एवढी जागा मिळाल्यावर पावलंही बुटांतून निसटून सूटच्या पोटऱ्यांत आली.

वर थोरलीला पाण्यातून फक्त दोन मोठे काळे बूट बाहेर आलेले दिसले. ते हळूहळू मागे कलले, जसं कोणी विचार करताना कलतं.

"अहो! तिचे पाय कुठे गेलेत?" ती ओरडली.

"पाय आतच आहेत," काठावरचा मदतनीस म्हणाला, "फक्त बुटांत नाहीत."

सरांनी धाकटीला धरून सरळ केलं. ती कडेला आली, तोंडातली नळी काढली, डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवला.

"तुम्हाला पोहता येतं," सर म्हणाले, "या सूटला येत नाही. मी इथे चारपर्यंत आहे. अंगाला बसणारा घेऊन आलात तर पुन्हा परीक्षा घेतो. नाहीतर पुढच्या वर्षी."

तीन वाजायला दहा मिनिटं होती.

दुकानवालीने मधल्या मापाचा सूट आधीच टेबलावर काढून ठेवला होता. थोरलीने तो चाचपला, उलटा करून शिवण बघितली, नाक मुरडलं आणि टेप काढली. "माप घेते. आंधळेपणाने घ्यायचं नाही." टेप कमरेभोवती आली, आणि नेहमीप्रमाणे चार बोटं आत सरकली.

"ताई," धाकटी म्हणाली, "बोटं काढ."

"काय?"

"बोटं काढ. मी आता वाढणार नाही."

थोरलीने बोटं तशीच ठेवली. "कशावरून?"

"अठ्ठेचाळीस वर्षांच्या अनुभवावरून. मला उद्या त्या बसमध्ये बसायचंय. त्या गणवेशात मी पाच वर्षं अशीच उलटी तरंगत होते, तेव्हा पाणी नव्हतं म्हणून कोणाला दिसलं नाही एवढंच."

दुकानवालीने हातातलं पेन खाली ठेवलं. हे तिला ऐकायचं होतं.

थोरलीने एक बोट काढलं. मग दुसरं. तिसऱ्यापाशी ती जराशी अडली. चौथं निघालं तेव्हा टेप पहिल्यांदाच धाकटीच्या अंगाला टेकली, आणि थोरलीने आकडा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"एवढीच आहेस तू?" ती म्हणाली.

"एवढीच."

"मला वाटायचं, बरीच आहेस."

साडेतीनला धाकटी पुन्हा पाण्यात होती. सरांनी खूण केली, तिने बटण दाबलं, आणि हवा जिथल्या तिथे राहिली, कारण जायला जागा नव्हती. ती पाण्यात आडवी, शांत, रांगेत नंबर लागलेल्या माणसासारखी तरंगली. सरांनी कागदावर खूण केली. बाकावर थोरलीने, कोणीतरी मरता मरता वाचल्यासारखा, श्वास सोडला.

आतल्या गरम पायजम्याचे पाय तेवढे लांब होते. ते थोरलीने घरी नेऊन आखूड करून दिले. रविवारी खाणीच्या काठावर तो घालताना धाकटीच्या लक्षात आलं की कापड कापलेलंच नाही. आतल्या बाजूला दुमडून, बारीक टाक्यांनी नीट शिवलेलं आहे. तिने दुमड मोजली. चार बोटं. मग वरून सूट चढवला आणि झिप लावून घेतली.

बस तळाशी उभी होती. दारं उघडी, आत कोणी नाही. धाकटी डाव्या बाजूच्या तिसऱ्या बाकापाशी गेली, खिडकीशी बसली आणि बसूनच राहिली. शेवटी सरांना येऊन खांद्यावर टकटक करावं लागलं.

वर आल्यावर थोरली टॉवेल घेऊन उभी होती.

"मिळाली जागा?"

"खिडकीची."

"आणि सूट?"

"बरोब्बर बसला."

थोरलीने सवयीने तिच्या कमरेपाशी कापड चिमटीत धरून बघितलं. हाताला काही लागलं नाही.

"या वर्षापुरता," ती म्हणाली.