मुंजाजीची पितळी दुर्बीण

"मालक, ही रायफलीवर बसवली की डुकराच्या मिशा मोजून घ्या!" गुरुपादानं फडक्यातून काळीभोर दुर्बीण काढली आणि बैठकीवर सुंदररावांपुढं ठेवली.

चौसाळ्याच्या या गुरुपादाचं सगळंच अजब. गळ्यात लिंग, वाटेत मुंगी दिसली तर ओलांडून जाणारा माणूस, आणि विकायला आणायचा काय, तर शिकारीचं सामान! वर्षाकाठी हैदराबादेच्या दोन खेपा करायचा आणि जहागीरदार-देशमुखांच्या दारात बस्ता सोडायचा.

दाराशी मुंजाजी उभा होता. चकलांब्याच्या देशमुखांची रायफल तीस वर्षं त्याच्या हातात होती. निजाम सरकारचा परवाना सुंदररावांच्या नावाचा, पण ते बार काढणार दसऱ्याला, तोही आभाळात. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरांचे कळप उतरायचे आणि मग सगळ्या शिवाराची मदार मुंजाजीवर. गावात त्याला मान होता तो या रायफलीमुळं, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक होतं.

"काय म्हनतो मुंजाजी? जुनी ठेवावी का ही घ्यावी?" सुंदररावांनी विचारलं.

मुंजाजीनं नाक मुरडलं. "आपली पितळंची हाय मालक. सायबाच्या हातची. तसली घडवणूक आता होत न्हाई. ह्ये समदं दिखाऊ काम."

"असं व्हय?" गुरुपाद म्हणाला. "मंग मागल्या आठवड्यात गोळी माळ्यात कशी घुसली बे?"

खरंच होतं ते. डुक्कर राहिलं बाजूला आणि गोळी जाऊन रुतली शेतातल्या राखणीच्या माळ्याच्या खांबात, राखणदाराच्या डोक्यावर जेमतेम वीतभर. बिचारा तीन दिवस तापानं फणफणला होता.

"काच जरा धुरकटलीया," मुंजाजी खाली बघत म्हणाला. "आमच्या बायकोचा परताप, दुसरं काय!"

तो प्रताप अवघ्या गावाला पाठ होता. दोन वर्षांमागं खंडेनवमीला हत्यारं पूजेत मांडायची, म्हणून साखराबाईनं देवाच्या भांड्यांबरोबर दुर्बीणही चिंच-राखेनं घासून काढली. पितळ कसं लखलखलं! पण पूजा झाल्यावर मुंजाजीनं ती डोळ्याला लावली, तर पलीकडं सगळं धुकं. झालं. तेव्हापासून ज्याला त्याला तो हेच सांगत सुटला. बाई पाण्याला निघाली की पारावरची रिकामटेकडी म्हणत, "आली बघा चिंचवाली." तिनं एकदाच सांगून पाहिलं होतं, "काचंला म्या फडकं बांधलं व्हतं वो, तिला हात बी लावला न्हाई." पण ऐकतो कोण?

बरं, दुसऱ्या कुणी बघून खात्री करावी, तर तेही नाही. दुर्बिणीतून परक्या माणसानं पाहिलं की तिला नजर लागते आणि गोळी फिरते, असा मुंजाजीचा शिरस्ता. खुद्द देशमुखांनीही तो कधी मोडला नव्हता.

"चल, खळ्यावर जाऊ," सुंदरराव उठले. "नवी लावून बघ. तू चांगली म्हनलास तर घेऊ, आन् जुनी गुरुपादाला देऊन टाकू."

खळ्यापासून दीडशे पावलांवर, बांधावर चुना फासलेलं मडकं ठेवलं. मुंजाजीनं रायफलीवर नवी दुर्बीण चढवली, आडवा पडला, डोळा लावला. पलीकडं धुकं. तेच, ओळखीचं. त्यानं चकती फिरवली, धोतराच्या सोग्यानं डोळा पुसला, पुन्हा पाहिलं.

"गुरुपादा, लेका फसलास. ही बी धुरकट हाय."

"आण हिकडं!" गुरुपाद धोतर सावरत पालथा पडला आणि हसायलाच लागला. "येडा का खुळा तू? मडक्याचा काठ फुटलाय त्यो बी दिसतोय की!"

मुंजाजीला काय ते उमगलं होतं, पण मन कबूल होईना. "जुनी घरी हाय, घिऊन येतो," एवढंच म्हणून तो निघाला.

साखराबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. त्यानं पितळी दुर्बीण तिच्यापुढं धरली. "ह्यातनं बघ."

"नगं गं बाई! आनिक काय झालं तर ते बी माझ्याच माथी."

"बघ म्हनतो ना."

तिनं भीत भीत डोळा लावला. "अगं बया! म्हादेवाच्या कळसावर राघू बसलाय. चोच हालतीया की वो त्याची!"

मुंजाजीनं देवळाकडं पाहिलं. राघू सोडा, त्याला कळसच दिसत नव्हता. तो मटकन खाली बसला. इतकी भीती त्याला जखमी डुकरापुढंही वाटली नव्हती. आणि भीतीहून मोठी होती ती शरम.

साखराबाईच्याही ध्यानात आलं. "कवापासनं?"

"दोन वर्सं झाली असतील."

"आन् मी दोन वर्सं..." तिनं पदर तोंडाला लावला.

नवी दुर्बीण चांगली आहे म्हटलं असतं तर रायफल आणखी वर्षभर हातात राहिली असती. विचार आला मनात, नाही कशाला म्हणा! पण पुढची गोळी खांबातच जाईल याचा काय भरवसा? आणि ही बाई मरेपर्यंत चिंचवालीच राहिली असती.

"ऊठ," तो म्हणाला. "माझ्यासंगं चल."

खळ्यावर एव्हाना पारावरची मंडळीही जमली होती. मुंजाजीनं पितळी दुर्बीण सुंदररावांच्या हातात दिली. "बघा मालक."

"आरं, पन तुझा शिरस्ता?"

"बघा तुमी."

सुंदररावांनी बराच वेळ पाहिलं. "लख्ख हाय की रे!"

"हायच. नवी घिऊ नका मालक, हिच्यात काय बी खोट न्हाई. खोट माझ्या डोळ्यात हाय." मग तो मंडळींकडं वळला. "साखरानं काय बिघडवलं न्हाई. तिला नाव ठेवलं ते म्या, आन् खोटं ठेवलं. समद्यांनी ऐकलं ना?"

पारावरची एकजात माना खाली घालून उभी होती. गुरुपाद आपली दुर्बीण रायफलीवरून उतरवून फडक्यात बांधू लागला. मुंजाजीनं रायफल उचलली, दट्ट्या ओढून रिकामी असल्याची खात्री केली आणि दोन्ही हातांनी मालकांच्या हवाली केली.

दोघं घरी निघाली. लग्न झाल्यापासून साखराबाई त्याच्या चार पावलं मागून चालत आली होती. ओढ्याच्या उतारावर ती झपाझप पुढं झाली.

"जपून. हितं दगड सुटलेत," ती म्हणाली.

मुंजाजी तिच्यामागून चालू लागला.