थोडं

शिवणबाईंनी जुन्या प्रिंटरची बाजू घ्यायचं ठरवलं होतं, पण त्यानेच बोलायला तोंड ठेवलं नाही. जुना कॉम्प्युटर गेला आणि नव्या कॉम्प्युटरने त्याला ओळखच दाखवली नाही. कंपनीने तर त्याच्यावर केव्हाच पाणी सोडलं होतं.

"आई, याला आता कुणी वाली नाही," नव्या प्रिंटरचं खोकं फोडत जावई म्हणाला. "ठेवून करायचं काय?"

"शोभेला राहू दे. आम्ही दोघं नाही का राहिलोय?"

जावई हसला नाही. सासूच्या विनोदाला हसलं की पुढच्या वेळी दोन ऐकावे लागतात, हा त्याचा अनुभव.

बाईंचा नवरा खिडकीपाशी खुर्चीत होता. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस. निवृत्तीनंतर बाईंच्या एकेका गिऱ्हाइकाचं पेपर कटिंग, म्हणजे कपड्याचा कागदी साचा, तो कॉम्प्युटरवर आखायचा. बाई ते छापायच्या, कागद जोडायच्या आणि त्यावर कापड बेतायच्या. पुढे अर्धांगवायूने उजवा हात नेला, वाचाही नेली. आखलेलं तेवढं नव्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. उरला एकच शब्द, "थोडं". पाणी हवं तरी थोडं, नको तरी थोडं.

नव्या प्रिंटरमधून पहिला कागद बाहेर आला आणि नवरा ओरडला, "थोडं!"

बाईंनी चहा दिला. त्याने कप ढकलला.

"थोडं! थोडं!"

जावयाने पाठीशी उशी सरकवली. मग नवरा रडायला लागला, आणि घरात रडणाऱ्याला दमला म्हणायची सोय असल्यामुळे त्याला झोपवलं.

चार दिवसांनी दातांची डॉक्टरीण नव्या छापील कागदावर बेतलेला कोट घालून बघायला आली. बटणं काजांपर्यंत पोचेनात.

"काकू, मी सुटले की तुमचा हात बिघडला?"

ती हसत म्हणाली खरी, पण बाईंनी टेप काढून तिची मापं पुन्हा घेतली. त्यांचं शिवण एकदाच अंगाला लावायचं आणि घेऊन जायचं, हे साऱ्या गल्लीला पाठ. तिच्या मागोमाग आणखी दोघींचे कपडे परत आले.

जावयाने नव्या प्रिंटरवर मोजपट्टी छापून टेपला लावली. रेघेला रेघ जुळली.

"आई, हा अगदी बरोबर छापतोय."

"थोडं," मागून आवाज आला.

बाई वळल्या. नवऱ्याची नजर जुन्या प्रिंटरवर होती.

"अहो, हा मेला फुगवून छापायचा?"

"थोडं!" तो हसला. आजारानंतर पहिल्यांदाच.

"म्हणून तुम्ही आखतानाच आवळून घ्यायचात? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"थोडं."

"मग सोपं आहे," जावई म्हणाला. "सगळ्यांचं सारखंच वाढवू."

नवऱ्याने मान हलवली. नाही. लांब कागद जुना प्रिंटर जास्त ताणायचा, आखूड कमी. कुणाचं किती आवळलं ते फक्त त्याला ठाऊक.

"एकेक कागद जुन्यावर छापून बघितला तर..." जावई बोलता बोलता जुन्या प्रिंटरकडे वळला; नवा कॉम्प्युटर त्याला ओळखतच नव्हता.

बाईंनी डॉक्टरणीचा कागद नवऱ्यापुढे धरला. "हिचं किती थोडं?"

त्याने डावा हात उचलला. अंगठा आणि बोट यांच्यात फट धरली. फट वाढली, मिटली, पुन्हा वाढली. बाई त्या फटीत टेप धरून हात थांबायची वाट बघत राहिल्या.